पेटीखालचं धन

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. खून नव्हता, दरोडा नव्हता, पण सगळ्या नोकरीत एवढा वैताग मला दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यानं दिला नाही.

गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या सोलापुरात तेव्हा मी फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना आमचा एक खबऱ्या आला. शहराबाहेरच्या माळावर एक चिनी म्हातारा सुईचं यंत्र घेऊन सोनं शोधतोय, म्हणाला. पाठीवर गाठोडं टाकून रेशमी कापड विकणारे दोन चिनी भाऊ गावात होते. त्यातला थोरला आदल्या दिवशी तापानं वारला होता. धाकट्याला आणि त्या म्हाताऱ्याला मी ठाण्यावर बोलावलं.

म्हातारा त्यांच्यातला जागा पाहणारा गुरू निघाला, तार मिळताच मुंबईहून आलेला. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त काढायला जोशी लागतो, तसा त्यांच्यात घर बांधायला आणि माणूस पुरायला हा गुरू लागतो. त्याच्या लाकडी तबकडीत मधोमध सुई होती आणि भोवती अक्षरांची कडी. मागे उंचवटा, पुढे पाणी आणि वारा अडलेला असला, तर मेलेल्याला शांती मिळते, असं धाकट्यानं आपल्या मोडक्यातोडक्या दखनीत समजावलं. जागाही ठरली होती. तळ्याकडे उतरणारा माळाचा तो तुकडा एका धनगरानं आपण होऊन दिला होता. मी परवानगी दिली आणि बघ्यांची गर्दी नको म्हणून बंदोबस्ताला माझा एक हवालदार पाठवला. थोरल्याच्या प्रेताची पेटी हवालदाराच्या डोळ्यांदेखत पुरली गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटा ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला. कबर उकरलेली होती. पेटी बाहेर काढून बाजूला टाकली होती आणि खालचा खड्डा आणखी खोल खणला होता. शेजारी लिंबू, कुंकू आणि उतारा. फिर्याद लिहून घेताना तो एवढंच विचारत राहिला, "साब, मेरे भाई कू काय कू निकाले?"

त्याला भाऊ पुन्हा जमिनीत हवा होता. आणि गुरूचं म्हणणं पडलं की ज्यानं उघडलं त्यानंच मिटवलं पाहिजे, नाहीतर मेलेला निवणार नाही. म्हणजे गुन्हेगार सापडेपर्यंत पेटी उन्हात. मी कपाळाला हात लावला.

संशय धनगरावर आला, कारण जमीन त्याची. मी आवाज चढवून विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "सायेब, कापड इकताना त्यो माज्या दारात पानी प्यायचा. म्हून जागा दिली. त्यालाच उकरून मला काय करायचंय?" खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. हा तेवढंच बोलला.

त्याचा जबाब बंदोबस्ताला गेलेला तोच हवालदार लिहून घेत होता. हवालदाराच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळत होतं. बाहीनं त्यानं डोळे पुसले आणि गालावर काळा फराटा उठला. मिशीवाला गडी, आणि डोळ्यांत काजळ! धनगराला मी बाहेर बसवलं आणि दार लावलं.

"पायाळू आहेस का रे?"

त्याची मान खाली गेली. "व्हय, सायेब."

पायांकडून जन्मलेल्याला अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, हे खूळ आपल्याकडे घरोघरी आहे. मी विचारलं, "मग काय दिसलं?"

"पेटी, सायेब."

"अरे, ती तर तुझ्यासमोरच पुरली होती!"

"पेटीच्या खाली असंल, असं वाटलं. एवढा शिकलेला मानूस नुसत्या मढ्यासाटी मुंबईहून कशाला यील?"

अशा माणसाच्या हाती मी बंदोबस्त दिला होता. खात्याकडून त्याच्यावर कारवाई झाली, ती नंतर. त्याआधी मी त्याला माळावर नेलं. धनगर, धाकटा भाऊ आणि गुरू बघत उभे राहिले, आणि हवालदारानं पेटी उतरवून हातांनी माती लोटली. गुरूनं पुन्हा तबकडी धरली, सुई स्थिर झाल्यावर मान हलवली. धाकटा तेव्हा पहिल्यांदा रडला.

एवढ्यावर गावानं शहाणं व्हावं की नाही? गुरू गाडीत बसायच्या आत आमचं घरही दाखवा म्हणणाऱ्यांची ठाण्यासमोर रांग लागली. त्यात एक वकीलही होते. पुढं जिथं जिथं म्हातारा तबकडी घेऊन क्षणभर उभा राहिला होता, तिथं तिथं लोकांनी माळ खणला. या प्रकरणानं मला एक शिकवलं. ज्याच्या मनात सोनं असतं त्याला दुसरा माणूस नुसता जमिनीकडे बघत असला, तरी सोनंच शोधताना दिसतो. अशा माणसाची साक्ष मी पुढं कधी तपासल्याशिवाय घेतली नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा तो हवालदार भेटायला आला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. उठता उठता हळूच म्हणाला, "सायेब, खरं सांगा. तितं खाली खरंच कायबी नव्हतं का?"

इतक्या वर्षांचा राग वर आला. पण म्हटलं, "होतं की. एकाचा भाऊ होता."