बायोताईचा जपानी राजा

बायोताईला जपानी भाषेतलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं, आणि तिच्याकडचा एकुलता एक व्हिडिओ गेम अख्खा जपानीत होता. यामुळे तिचं कधी काही अडलं असं मी तरी पाहिलं नाही. टीव्हीवर मुकुटवाला राजा समोर यायचा, खाली काळ्या चौकटीत काड्याकाड्यांची अक्षरं उमटायची, आणि बायोताई क्षणभरही न थांबता सांगायची, "ह्यो राजा. हेका झोप येना नाय. कित्याक, तर हेचा चेडू कोणीतरी पळवल्यान." आम्ही खाली सतरंजीवर बसलेली पोरं माना डोलवायचो. राजाची मुलगी पळवली म्हणजे पळवली. बायोताईला उलट विचारायची कोणाची टाप नव्हती.

ती माझी मामेबहीण. माझ्याहून जेमतेम वर्षभराने मोठी, पण आईने "ताई म्हण" असा दम दिलेला, त्यामुळे जन्मभर ताई म्हणावं लागलं. मामा बोटीवर होता. तो वर्षातून एकदा नाहूरच्या घरी यायचा तेव्हा त्याच्या बॅगेतून जगातलं सगळं चांगलं बाहेर निघायचं आणि ते सगळं बायोताईचं असायचं. घड्याळ तिला माझ्या आधी, कॅनव्हासचे बूट माझ्या आधी, वासाचं खोडरबर माझ्या आधी. तिला चष्मा लागला तेव्हा मी घरी येऊन डोळे चोळचोळून लाल केले होते. मामा मलाही आणायचा काहीतरी, नाही असं नाही. बहुतेक साबण आणायचा.

एका खेपेला त्याने जपानहून ते मशीन आणलं. मशीन, दोन रिमोट आणि एक कॅसेट. त्या काळी आमच्या मुलुंडच्या चाळीतही एकदोघांकडे टीव्ही गेम होते, पण त्यात नुसतं धावायचं, उड्या मारायच्या आणि मरायचं. हा गेम वेगळा होता. यात गावं होती, दुकानं होती, धर्मशाळा होती, जंगल होतं, जंगलात जेलीसारखे लिबलिबीत राक्षस होते. चौघांची एक टोळी गावोगाव फिरायची, आणि जो भेटेल तो काहीतरी बोलायचा. बोलणंच जास्त. आता बोलणं जपानीत, म्हणजे दुसरं कोणी असतं तर त्याने कॅसेट कपाटावर टाकून दिली असती. बायोताईने रिमोट हातात घेतला आणि एक एक बटण दाबून पाहिलं. पहिल्या ओळीवर दाबलं की तलवार चालते, दुसरीवर मंतर, शेवटच्या ओळीवर पळ काढता येतो. "झालं," ती म्हणाली, "एवढ्यावर संसार होतो लोकांचा."

उरलेलं सगळं तिने बनवलं. धर्मशाळेची म्हातारी म्हणजे राजाची सावत्र आई. बंदरावरचा दाढीवाला म्हणजे बोटीवरून पळून आलेला खलाशी, त्याला बायकोची भीती. एरवी ती आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायची, पण गेम सुरू झाला की मामीच्या माहेरच्या मालवणीत शिरायची. हळूहळू बिल्डिंगमधली सगळी पोरं जमायला लागली. त्यात गुजराती होती, तमिळ होती. वरच्या मजल्यावरचा केतन एकदा राणी दिसल्यावर मोठ्या काळजीने म्हणाला, "हिचो घोव खंय?" गुजराती पोरगा राणीचा नवरा कुठे ते मालवणीत विचारतोय म्हणून सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, आधी मी रविवारी नाहूरला आले की हा माझ्याशी पत्ते खेळायचा.

पण खरी कमाल पांढऱ्या बाईची. खेळात थोडं पुढे गेलं की एका देवळाबाहेर पांढरे कपडे घातलेली एक तरुण बाई भेटायची आणि टोळीत सामील व्हायची. तिला पाहताच बायोताईचा आवाज खाली आला, मालवणीही गळून पडली. "विधवा आहे रे बिचारी," ती म्हणाली. "लग्नाला महिना झाला नाही, आणि नवऱ्याला मारलं कोणीतरी. आता त्या मारेकऱ्याला शोधायला निघाली." आम्हाला लगेच पटलं. पांढरे कपडे म्हटल्यावर दुसरं काय असणार? त्या दिवसापासून लढाईत त्या बाईला लागलं की पोरं कळवळायची. माझा धाकटा भाऊ, जो मी पडले तर टाळ्या वाजवायचा, तो त्या बाईसाठी रडला. मी त्याला घरी जाताना विचारलं, "मी मेले तर रडशील?" तो म्हणाला, "तू कशाला मरशील?" आणि पुन्हा त्या बाईबद्दल बोलायला लागला.

पुढे मी शिकले, लग्न केलं, शाळेत मराठी शिकवायला लागले. गोष्ट सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम. धडा वाचताना आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, हे मी बी.एड.ला रीतसर शिकलेय. तरी शेवटच्या बाकावर दोघे झोपतातच. बायोताई दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो झाली. लग्न तिने केलं नाही, विचारलं की म्हणायची, "एका घरात गोष्ट सांगणारं माणूस एकच चालतं." लिंक रोडने बसमधून जायची, दिवसभर वकिलांचं आणि जजसाहेबांचं बोलणं टाइप करायची. एकदा मी तिला टोचलं, की अगं, तू अजून तोच गेम खेळतेस, आणि त्यातलं एक वाक्य तुला कळत नाही. ती म्हणाली, "सुमे, दिवसभर दुसऱ्यांचा शब्द न् शब्द जसाच्या तसा उतरवते मी. स्वल्पविराम हलवायची चोरी. घरी तरी मला माझ्या मनाचं बोलू दे."

माझी लेक ओवी चालायला लागली आणि बायोताईच्या मागे लागली. रविवार आला की "बायोमावशीकडे चल." मी तिला झोपताना इतक्या गोष्टी सांगितल्या, पुस्तकं आणली, हातवारे केले, ती म्हणायची, "आई, तू शिकवतेस. बायोमावशी सांगते." हे वाक्य मला किती लागलं ते मी नवऱ्याला सांगायला गेले, तर तो बूट घालून तयार. "काय, निघायचं ना नाहूरला?" हा माणूस माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसून घोरलेला आहे. बायोताईच्या घरी तो मांडी घालून ताठ बसायचा आणि विचारायचा, "त्या खलाशाचं पुढे काय झालं हो?" मी मामीला भाजी निवडून द्यायच्या निमित्ताने आत जायचे. मेथी निवडता निवडता देठं कधी भाजीत जायची आणि पानं कधी कचऱ्यात, कळायचं नाही.

तोच गेम परत परत कसा खेळावासा वाटतो, हे मला खरंच कळत नसे. नवे, चकचकीत, खऱ्या माणसांसारखी माणसं असलेले गेम ओवीच्या मैत्रिणींच्या घरी होते. इथे सगळं चौकोनी चौकोनी; राजाचं नाक म्हणजे एक ठिपका. मी विचारलं तर बायोताईने मलाच विचारलं, "तू दर वर्षी गणपतीला गावी जातेस ना? तोच गणपती, त्याच आरत्या, तेच मोदक. मग कशाला जातेस?" एका वर्षी कॅसेटमधला छोटा सेल संपला. साठवून ठेवलेला सगळा खेळ त्या सेलच्या जोरावर टिकलेला असतो, तो पुसला गेला. इतक्या वर्षांची टोळी, तलवारी, सगळं साफ. मला वाटलं आता तरी ही रडेल. मी मुद्दाम बघायला गेले. ती दुकानातून नवा सेल बसवून आली होती आणि रिमोट घेऊन पोरांना सांगत होती, "बरा झाला! आता राजाक परत पहिल्यांदा भेटूक गावतला." तिच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. गेलेल्या गोष्टीवर असं हसता येणं मला कधी जमलं नाही.

मग माझ्या हातात हुकमाचं पान आलं. तोच जुना गेम नव्या छोट्या मशीनवर इंग्रजीत आलाय, असं शाळेतल्या एका मुलाने सांगितलं. तीसेक वर्षांनीही लोक तो विकत घेतात म्हणे. मीही घेतला. ओवीला सांगितलं नाही. शाळेतून आल्यावर दुपारी दार लावून खेळायचे, पेपर तपासते तशी ओळ न् ओळ वाचायचे. राजाला मुलगीच नव्हती, मग पळवणार कोणाला? राजाला झोप उत्तम येत होती, तो फक्त कर वाढवायचा म्हणत होता. धर्मशाळेची म्हातारी म्हणजे धर्मशाळेची म्हातारी. आणि ती पांढरी बाई! विधवा कसली, नवरी होती ती. त्यांच्याकडे नवरी पांढरं नेसते. लग्नाच्या दिवशी मांडवातून पळून आलेली. मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळी शिरा केला.

पुढच्या रविवारी मी सगळी पोरं जमण्याची वाट पाहिली. नवराही मांडी घालून बसला. पांढरी बाई पडद्यावर आली, बायोताईने आवाज खाली आणला, आणि मी उभी राहून म्हटलं, "थांब. ती विधवा नाहीये. नवरी आहे. मी इंग्रजीत खेळलेय सगळा गेम. लग्नातून पळाली ती. राजाला मुलगीच नाही. सगळं खोटं सांगतेस तू पोरांना, इतकी वर्षं!" ओवी माझ्याकडे अशी बघत होती जशी मी कोणाचा डबा सांडलाय.

बायोताईने रिमोट मांडीवर ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काय सांगतंस गो!" ती म्हणाली. मग पोरांकडे वळली आणि आवाज आणखी खाली आणला. "ऐकलंत? सुमामावशी केवढी बातमी घेऊन आली. अरे, ती विधवा होतीच. पण घरच्यांनी तिचं दुसरं लग्न जमवलं, तिला न विचारता, आणि ते कोणाशी? ज्याने तिच्या नवऱ्याला मारलं त्याच्याशीच! मांडवात हार घालताना तिने त्याच्या हातात आपल्या मेलेल्या नवऱ्याची अंगठी ओळखली. म्हणून पळाली!" पोरांनी श्वास रोखले. माझ्या नवऱ्याने मांडीवर थाप मारली, "वा!" मी खाली बसले. माझा पुरावा तिने माझ्याच हातातून घेतला, त्याला फोडणी दिली आणि माझ्याच लेकीला वाढला. आणि खरं सांगायचं तर पदार्थ झकास झाला होता. "पण जपान्यांनी तर..." असं मी पुटपुटले, तर ती म्हणाली, "जपान्यांका काय म्हायत?"

गेल्या वर्षी तिला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग तिला मुलुंडला दवाखान्यात ठेवलं, आणि मग डॉक्टर मामीशी हळू आवाजात बोलायला लागले. मी शाळा सुटली की जायचे. ती पिवळी पडली होती, तरी शेजारच्या खाटेवरच्या बाईला नर्सची कुंडली सांगत होती. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाली, "सुमे, तू पूर्ण खेळलीस ना? शेवटच्या किल्ल्याचं दार मला कधी उघडलं नाही. काय होतं गं त्या बाईचं?" आयुष्यात पहिल्यांदा तिने मला गोष्ट विचारली. मी खुर्ची पुढे ओढली. सांगितलं, की ती राक्षसाला मारते, घरी परत जाते, वडील माफ करतात आणि ती त्याच ठरलेल्या मुलाशी लग्न करते. बायोताईने नाक मुरडलं. "शी!" ती म्हणाली. "ह्याच्यापेक्षा माझाच बरा." मला ती जे शेवटचं बोलली ते हेच. दोन दिवसांनी ती गेली. तेही माझ्या आधी.

ओवी तीन दिवस नीट जेवली नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. मी दाराबाहेर उभी राहायचे, आणि माझ्या सख्ख्या मामेबहिणीसाठी मला दुःख होत होतं हे खरं, पण त्या दुःखात एक काटा होताच, की ही माझ्यासाठी अशी रडेल का? तेरावं झाल्यावर मामीने ते मशीन पिशवीत घालून दिलं. लहानपणी ते मशीन माझ्या घरी यावं म्हणून मी देवाला नारळ बोलले होते. आलं, पण मामी म्हणाली, "ओवीला दे. बायो सांगून गेली." मला काही सांगून गेली नव्हती.

ओवीने ते टीव्हीला जोडलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसली होती एका संध्याकाळी. मी शेंगा सोलत होते. तिने विचारलं, "आई, बायोमावशी लहानपणी कशी होती?" मी म्हटलं, "आगाऊ होती." ती म्हणाली, "नीट सांग ना. तुझ्याशिवाय कोणाला माहितीये आता?" मग मी सांगायला लागले. मामाच्या बॅगेचं सांगितलं, चष्म्याचं सांगितलं. ती हसली. ते संपलं तरी तिचं पोट भरेना, "आणखी?" म्हणून मी मनोरीचं सांगितलं. मढ-मार्वेच्या बाजूला सहल गेली होती, फेरीबोट मध्येच बंद पडली, सगळे घाबरले, आणि आठ-नऊ वर्षांच्या बायोताईने नाखव्याला बाजूला सारून स्वतः सुकाणू धरलं आणि बोट मनोरीच्या धक्क्याला लावली. वाटेत एक भला मोठा मासा आडवा आला, तर त्याला मालवणीत अशा शिव्या घातल्या की तो शेपूट हलवत परत गेला. आम्ही सगळे मिळून मनोरीला कधी गेलोच नव्हतो.

"खरंच?" ओवीने विचारलं.

"तुका काय म्हायत?" मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं आलं मला कळलं नाही. मला मालवणी धड येतसुद्धा नाही.

ओवी सरकून माझ्या गुडघ्याला टेकली. तिचे डोळे असे चमकत होते, जसे मला गेली दहा वर्षं हवे होते. माझ्यावरून ते हलत नव्हते. पण ते माझ्यासाठी नव्हते हे मला दिसत होतं. ती माझ्यातून दुसऱ्याच कोणाला तरी बघत होती. माझा जळफळाट झाला. शेंगांचं ताट मी बाजूला ठेवलं, आवाज जरा खाली आणला आणि पुढे सांगितलं की धक्क्यावर एक राजा उभा होता.