आधी नऊ, मग आठ

बबनमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जामखेडात एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर अँटेना फिरवत होतो. खालून माझ्या दुकानातला माणूस ओरडला, "खर्ड्याहून फोन आलाय, मामा गेले." आणि नेमकी त्याच वेळी घरातून गिऱ्हाइकाची बायको ओरडली, "आलं, आलं! लई क्लिअर आलं!" मी तसाच पाइप धरून उभा राहिलो. हा योगायोग मामांना सांगता आला असता तर ते पोट धरून हसले असते. सकाळी चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. सत्तरी उलटलेली, कसलं आजारपण नाही, कुणाची मिनतवारी नाही. तक्रार करायला जागा नव्हती, पण वाईट वाटायचं ते वाटलंच, आणि दीड महिना झाला तरी वाटतंच आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. तंबूच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. जत्रांमागून तंबू फिरायचा, इकडे खर्ड्या-जामखेडपासून पार तिकडे अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या गावांपर्यंत, आणि मामांबरोबर एक जुना ऐतिहासिक चित्रपट फिरायचा. राजा, राणी, हत्ती, तलवारी, तीन तासांचा खेळ. मालकाने कुठून तरी जुनी कॉपी आणलेली, तीवर इतके ओरखडे की पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाऊस पडत असायचा. आमच्या कोरड्या भागात लोकांना त्याचंच अप्रूप. "राजा पुण्यवान, लई पाऊस त्याच्या राज्यात," असं म्हातारी माणसं म्हणायची. मशीन एकच. एक रीळ संपलं की तंबूत दिवे लागायचे आणि पुढचं चढेपर्यंत मामा मागून हाळी द्यायचे, "बसा, बसा, राजा येतोय!"

तर त्या कॉपीची एक गंमत होती. ती मालकाकडे आली तेव्हा रिळांच्या नऊ डब्यांवरचे आकडे गंजून गेले होते. मामांनी एकेक रीळ उजेडात धरून पाहिलं आणि तांबड्या ऑइलपेंटने आकडे टाकले. शेवटच्या दोन रिळांना ते अडले. एकात मोठी लढाई, राजा घोड्यावरून पडतो, आणि पुढचा तुकडा फाटून गेलेला. दुसऱ्यात राजा हाताला पट्टी बांधून घरी येतो, राणी दारात ओवाळते. मामांनी हिशेब केला, लढाई आधी, पट्टी मागनं. म्हणून लढाईला आठ आणि ओवाळणीला नऊ. त्यानंतर काचेवर स्वतः लिहिलेलं 'समाप्त' दाखवायचे. कितीतरी वर्षं आमच्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या लोकांनी तो चित्रपट असाच पाहिला, आणि राजा घरी आला म्हणून टाळ्या वाजवत घरी गेले.

मी मात्र आयटीआयला असताना तोच चित्रपट नगरच्या थिएटरात पाहिला. तिथे राजा आधी घरी आला, पट्टी आधीच्या चकमकीतली होती. शेवटच्या रिळात तो घोड्यावरून पडला तो कायमचाच, आणि वर चितासुद्धा दाखवली. मी सुन्न होऊन बाहेर आलो. मामांना सांगायचं धाडस काही झालं नाही. "माझ्या खेळात कधी रीळ उलटंपालटं झालं न्हाई," हे ते छाती पुढे काढून सांगायचे, आणि शांतामामी बायकांच्या बाजूला बसून दरवेळी त्याच ओवाळणीला डोळे पुसायच्या. कोणत्या तोंडाने सांगणार?

पुढे घरोघर टीव्ही आले आणि तंबू बसला. मामा खर्ड्यातच राहिले, पण एक हौस बोलून दाखवत. ऑपरेटरने कधी पिक्चर बघितलेला नसतो, तो मशीन बघत असतो. "एकदा हिच्या शेजारी बसून सगळा बघायचाय, नीट, स्वच्छ." दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानात सीडी प्लेअर आले, आणि पुण्याच्या व्यापाऱ्याकडे तोच चित्रपट मिळाला. दोन सीडींत मावला नव्हता, शेवटची वीसेक मिनिटं तिसरीवर होती. आणावा की नाही यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं. शेवटी मोठा टीव्ही, प्लेअर आणि मनात धाकधूक असं सगळं टेम्पोत घालून एका दुपारी खर्डा गाठला.

मामांनी खिडकीला वाकळ लावली. पांढरा सदरा घातला. मामींच्या शेजारी बसले खरे, पण दर थोड्या वेळाने उठून टीव्हीच्या मागे जाऊन काय तापलंय ते हाताने बघायचे. मामींनी दोनदा सदऱ्याला धरून खाली बसवलं. चित्र इतकं स्वच्छ की राणीच्या नथीतला मोती दिसत होता, शालूच्या काठावरची वेल दिसत होती. मामी बराच वेळ चुळबुळत होत्या, मग म्हणाल्या, "अवो, पाऊस कुठं गेला?"

"तो आपल्या डब्यातला हुता," मामा म्हणाले आणि दोघं कितीतरी वेळ हसत राहिले.

दुसरी सीडी संपत आली, आणि राजा पट्टी बांधून दारात उभा राहिला. मामी डोळे पुसत म्हणाल्या, "आला गं बाई… झाक झालं. च्या टाकते." त्या आत गेल्या. मामा तसेच बसून राहिले. माझ्या हातातल्या तिसऱ्या सीडीकडे त्यांनी पाहिलं.

"तिच्यात काय हाय?"

"शेवट, मामा."

"लढाई?"

मी मान हलवली. "तुला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं. हो म्हणालो. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण ते हळूच म्हणाले, "आवाज बंद करून लाव." स्टोव्हच्या आवाजात आम्ही दोघांनी ती वीस मिनिटं पाहिली. राजा पडला. पुढे तो तुकडा आला, जो मामांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. चिता पेटली तेव्हा त्यांनी आपोआप हात जोडले. मग सीडी काढायला लावली, आणि बघतो तर त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू. "आयला, येवढ्या गावांत मी मेलेला राजा घरी आनून सोडला की रे! तिला सांगू नगंस."

मी शब्द पाळला. पुढची दोन वर्षं तो चित्रपट त्या घरात अधूनमधून लागत राहिला, दोनच सीडींचा. तिसरी मामांच्या पेटीत, त्या 'समाप्त'च्या काचेखाली ठेवलेली असायची.

गेल्या आठवड्यात खर्ड्याला गेलो. शांतामामी एकट्याच बसल्या होत्या. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "त्यो पिक्चर लाव." मी पहिली सीडी लावली, मग दुसरी. राजा दारात येण्याच्या जरा आधी मामींनी हात वर केला. "थांब. आता पेटीतली लाव."

मी प्लेअर थांबवला. "मामी, त्या सीडीत…"

"ठावं हाय मला. ते बाजाराला गेल्ते तवा लावली हुती." पदर सावरत त्या म्हणाल्या, "तेंना वाटायचं मला म्हाईत न्हाई. वाटू दिलं."

मी तिसरी लावली. राजा घोड्यावरून पडला, चिता पेटली. मामी डोळ्यांतलं पाणी न पुसता सगळं बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आता दुसरी. ऱ्हायलेली."

"उलटं होईल, मामी."

"हूं दे. तुझ्या मामानी अशीच लावली आसती."

मी सीडी बदलत होतो. पडदा निळा झाला होता. मामींनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "बस आता. राजा येतोय."