मेघना हरल्यानंतरची पहिली मीटिंग

मंडळी, आत्ताच पक्षाच्या ब्रँच मीटिंगवरून घरी आले. इथेच लिहितेय, कारण हे तुमच्याबद्दलही आहे.

आपल्या मेघनाला इथल्या काउन्सिलच्या निवडणुकीसाठी पक्षाचं तिकीट हवं होतं. गेल्या महिन्यात उमेदवार ठरवायला पक्षाच्या मेंबरांचं मतदान झालं, त्यात ती थोडक्यात हरली, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी इथल्या क्वेकर्स हिलचा तो हॉल तिला मत द्यायला मेंबर झालेल्या आपल्या मराठी माणसांनी भरला होता. आज आपल्यातल्या आम्ही दोघीच होतो, मी आणि ती.

मेघना कित्येक वर्षं या मीटिंगांना जाते. दारोदार फिरून प्रचार कसा करायचा, हे तिला कॉलिन नावाच्या जुन्या मेंबरने शिकवलं. आज तोच उठला आणि म्हणाला, नव्या मेंबरांना पहिलं वर्षभर मताचा हक्क नको. एका मतापुरते येतात आणि गायब होतात.

मेघनाने विचारलं, "कॉलिन, हे मला म्हणतोयस?"

"नॉट यू, लव्ह. युअर लॉट."

म्हणजे तू नाहीस, तुझी माणसं.

ती उत्तर द्यायला उभी राहिली. रिकाम्या खुर्च्यांकडे तिने एकदा पाहिलं आणि परत खाली बसली. ठराव मंजूर झाला. विरोधात फक्त आमचे हात होते.

गाडीत म्हणाली, "अगं, त्याचा रागही येत नाहीये. तो खोटं कुठे बोलला?" मग खूप रडली. आता परत जाणार नाही म्हणते.

त्या दिवशी मत देऊन तिच्याबरोबर फोटो काढलेले तुम्ही सगळे याच ग्रुपमध्ये आहात. आज कुठे होतात?