साडेपाच फुटांचा हौदा

आमच्या घरात ओझं वाहायचं एकच साधन होतं, आईचं डोकं. मी चौथीत असताना वडील गेले. तेव्हापासून आई चिपळूणकडे बांधकामांवर वाळूची घमेली वाहायची आणि घरी येताना त्याच डोक्यावर सरपण आणायची. तिचे गुडघे माझ्या डिग्रीत गेले. घरातली मी पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

आता दुबईत अल क्वोजच्या एका गोदामात मी डिस्पॅच बघते. कुठला माल कुठल्या गाडीत बसेल हे ठरवायचाच मला पगार मिळतो. देरा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमच्या ह्यांचे एक मित्र राहतात. त्यांनी नवी डबल केबिन पिकअप आणली तेव्हा मी सरळ विचारलं, "भाऊजी, यात भरणार काय?"

"वहिनी, भरायचं नसतं. प्रेझेन्स असतो."

प्रेझेन्स होता खरा. टपावर वाळवंटात फिरायला लावतात तसले दिवे, आणि पाण्यात इंजिन बुडू नये म्हणून वरपर्यंत नेलेली नळी. मध्ये शहरात खरंच पाणी तुंबलं, तेव्हा भाऊजींनी गाडी उंचावर नेऊन लावली आणि घरून काम केलं. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये ती मावत नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे मैदानात उभी असायची, आणि तिथून घरापर्यंत दूध, कोथिंबीर भाऊजी हातात धरून आणायचे.

मग शनिवारी आई येणार असं ठरलं. पहिल्यांदाच, दोन महिन्यांसाठी. तिला जमिनीवरून उठता येत नाही. दुकानातले पलंग एकतर फार खाली, नाहीतर फार वर. म्हणून अल क्वोजच्या सुताराकडून तिच्या गुडघ्यांच्या मापाचा पलंग करून घेतला. अखंड, साडेसहा फुटी. मी भाड्याची गाडी करणार होते, तर भाऊजी म्हणाले, "घरचा ट्रक असताना भाड्याचा कशाला?" हे म्हणाले, त्यांना वाईट वाटेल, जाऊ दे.

शनिवारी सकाळी सुताराच्या दुकानासमोर भाऊजींनी हौद्यावरचं कुलूपबंद झाकण उघडलं. आत मऊ काळा गालिचा. सुताराने टेप लावली. साडेपाच फूट. रोज ड्रायव्हरांना मापावरून झापणारी मी, गाडीचा नुसता आकार बघून भुलले होते.

"मागची फळी उघडी ठेवून नेऊ," मी म्हणाले.

"दंड बसेल, वहिनी. शिवाय पॉलिशला ओरखडा गेला तर?"

"पलंगाच्या?"

"नाही हो, गाडीच्या."

मागच्या सीटवरून त्यांची मुलगी म्हणाली, "डॅडी, इट्स नॉट फॉर थिंग्ज." त्या गाडीबद्दल इतकं खरं तोवर कुणी बोललं नव्हतं.

आईचं विमान चारला उतरणार होतं. समोर भाड्याच्या एकटनी पिकअप रांगेत उभ्याच होत्या. मी हात केला. पत्रा चेपलेल्या एका गाडीतून पठाण ड्रायव्हर दोरी घेऊन उतरला आणि पंधरा मिनिटांत पलंग बांधून मोकळा. भाऊजींच्या गाडीकडे बघून म्हणाला, "मॅडम, इसमें साहब लोग जाता है. सामान हमारे में जाता है. यल्ला, बैठो."

वाटेत विचारलं तर कळलं, बारा वर्षं तो हीच गाडी चालवतो, रोज भरून, आणि गाडी मालकाच्या नावावर आहे. इथे ज्याला ट्रक लागतो त्याच्या नावावर तो नसतो, आणि ज्याच्या नावावर असतो त्याने आत गालिचा घातलेला असतो. माझी नोकरी गाड्या ओळखायची आहे, म्हणून एवढं बोलते.

भाऊजी सगळ्या वाटेने आमच्या मागे आले. रिकामे, दोन्ही इंडिकेटर लावून, मंत्र्याच्या ताफ्यासारखे.

संध्याकाळी आई पलंगाच्या कडेला बसली आणि कुणाचाही हात न धरता उठली. परत बसली, परत उठली. आयुष्यातला तिचा हा पहिला स्वतःचा पलंग. मी घेतला, माझ्या पगारातून.