‘प्रगती’ या शब्दाच्या चुकीच्या अर्थाबाबत

अर्जदार: गुरुदास, वय त्रेपन्न, मूळ राहणार कोरगाव, पेडणे, सध्या मुक्काम साखळी, व्यवसाय अर्जलेखन. ज्यांच्यावर अन्याय झाला ते: थोरले बंधू सगुणदादा. साक्षीदार: त्यांच्या पत्नी शेवंतीवहिनी. घटनेचा दिवस: गेल्या गणेशचवथीआधीचा सोमवार. अन्याय करणारा: अर्जदार स्वतः.

सविनय निवेदन की, मी कोरगाव सोडले तेव्हा माझी पत्र्याची पेटी दादाने डोक्यावरून बसपर्यंत आणली. घरात एकालाच शिकवणे शक्य होते. दादा काजूच्या बागायतीत राबला आणि मी आठवीपर्यंत पोहोचलो. बस सुटताना बाबा म्हणाले, "तुका कागद वाचूक येता. लोकांच्या उपयोगाक पड."

साखळीच्या बाजारात मी टेबल मांडले. खाणी बंद पडल्यावर ट्रकवाल्यांचे अर्ज लिहिले, कित्येकांची अफिडेव्हिटे केली. सकाळच्या पेजेची जागा उंडो पाव आणि चहाने घेतली; गुरू होता तो गुरुदासबाब झाला. गावी गेलो की शेजारी वीजबिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळे माझ्यापुढे ठेवत. ते मला आवडे, हे नाकारत नाही.

दादाच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ दोन वर्षांपूर्वी काढली. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी त्याच्या रक्तातले सीईए नावाचे प्रथिन मोजतात. ते वाढत गेले तर रोग परतल्याचा संशय घ्यायचा असतो, हे मला आता माहीत आहे. त्या सोमवारी मी गावी होतो आणि अहवाल माझ्या हातात आला. आकड्याखाली इंग्रजी शेरा होता, त्यात ‘प्रोग्रेशन’ हा शब्द. शाळेतले प्रोग्रेस कार्ड म्हणजे प्रगतिपुस्तक, एवढ्या भांडवलावर मी जाहीर केले की प्रगती आहे. पुढे स्कॅनचा उल्लेख होता. ती इस्पितळाची नेहमीची भाषा, असे सांगून टाकले.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, दाक्तराक एकदा दाखवूया?"

"मामलेदार माझो कागद परत करीत नाय," मी म्हणालो, "आणि तुमी माझा वाचलेला तपासतल्यात?"

दादा हसला. "गुरून वाचल्यान मां? मग झाला." तो देवळात नारळ ठेवून आला आणि इस्पितळाची पुढची तारीख त्याने सोडली. प्रगती असताना बागायतीतला दिवस कशाला मोडायचा?

गेल्या आठवड्यात एक निवृत्त परिचारिका पेन्शनच्या अर्जासाठी माझ्याकडे आल्या. मी ऐटीत दादाची हकीकत सांगून मोबाईलमधला अहवालाचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुदासबाब, हांगा प्रगती रोगाची म्हळ्या. तुमच्या भावाची न्हय."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच दादाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले असते तर बरे झाले असते. प्रथिन वाढण्यामागे दुसरी कारणेही असू शकतात, स्कॅनशिवाय काही सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. मात्र पाच महिने गेले आहेत, आता आणखी वेळ दवडू नका.

हे सांगण्यासाठी मी तीनदा दादाला फोन लावला आणि तीनदा काजूच्या मोहराबद्दल बोलून ठेवून दिला. म्हणून हा अर्ज. तोंडाने जे निघत नाही ते अर्जात निघते, एवढीच माझी विद्या.

साखळीत माझा कागद कुणीतरी दुसरा वाचतो, चूक सापडली तर परत पाठवतो. घर म्हणजे, मला आता कळते, ती जागा जिथे माझे वाचलेले शेवटी खरे धरतात. तिथेच मी वाचल्याचे सोंग केले. याची मला लाज वाटते.

सबब विनंती की, वहिनींनी हा अर्ज दादाला मोठ्याने, संपूर्ण वाचून दाखवावा. माझी अब्रू जाते म्हणून एकही ओळ गाळू नये. गुरुवारी सकाळी सातला मी गाडी घेऊन दारात येतो. दादा येणार आहे, एवढे उत्तर उद्यापर्यंत मिळावे. मला क्षमा केली की नाही, ते कळवण्याची घाई करू नये.