माझ्या घामाचं खरं कारण

"मास्तर, गाठ साधी नाही," नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे."

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली सुपारीएवढी ग्रंथी. ती वाढली की लघवी अडते. मला वाटत होतं, वयामुळं अडत असेल. मिरजगावच्या मिशन शाळेत जन्म घालवला, पोरांना शरीरशास्त्र शिकवलं, पण हा अवयव मलाच ठाऊक नव्हता. पुस्तकात तो दिलाच नव्हता, तर शिकवणार काय, कपाळ?

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. उपाय नवा आहे, डॉक्टर म्हणाले. पुरुषाच्या अंडांत जो रस तयार होतो त्यावर ही गाठ पोसते. दोन्ही अंडं काढली की तिची उपासमार होते आणि कमरेचं दुखणंही कमी होतं. आमच्याकडं गोऱ्हा बडवायचा, म्हणजे अंडं ठेचून त्याचा बैल करायचा असला की अर्धा गाव बघायला जमतो आणि नंतर पारावर त्यावरून थट्टा चालते. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मी बायकोला, सगुणाला, सांगितलं.

ती म्हणाली, "मेल्यावर लोक काय म्हनतील ते ऐकायला तुमी कुठं असनार? मग जगा की."

मी कबूल झालो, पण एका अटीवर. गावात मुतखडा काढला असं सांगायचं. मुलाला आणि सुनेलाही तेच.

ऑपरेशन झालं. लघवी मोकळी झाली, कंबर हलकी झाली. थोड्याच दिवसांत घाम सुरू झाला. छातीतून जाळ उठायचा, कानशिलं तापायची, मग सदरा पिळून काढावा असा घाम. रात्री पुन्हा पुन्हा. सकाळी दोरीवर सगळे माझेच सदरे.

रातचा घाम म्हणजे क्षय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझी सून एस्तेर खर्डा गावची. तिचा थोरला भाऊ क्षयानं गेलेला, आणि त्याचे घामाचे कपडे हिनंच धुतलेले. तिनं एक शब्द न बोलता माझं ताट आणि पेला वेगळा केला. चिमुरडी नात माझ्या बाजेकडं निघाली की तिला मागं ओढायची. मला संताप यायचा, पण त्याहून भीती मोठी होती. मलाही तेच वाटत होतं. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो.

शेवटी सगुणानं मला सर्व्हिस मोटारीत घालून पुन्हा नगरला नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, एक्स-रे काढला. फोटो स्वच्छ निघाला. हे हॉट फ्लश, ते म्हणाले. म्हणजे शरीरातला तो रस एकाएकी आटला की उष्णतेच्या लाटा येतात. बायकांची पाळी जाताना होतं तेच. त्रास होईल, पण यानं जीव जाणार नाही.

सगुणाला हसू आवरेना. "मग मला इचारायचं की. माजं चाललं हुतं तवा तुमी घोरत हुता."

परतीच्या वाटेवर तिनं मला धडेच दिले. ज्यांना हा त्रास असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. दिवस मावळल्यावर चहा नको, झणझणीत कालवण नको. घोंगडीऐवजी जुन्या धोतराचं पांघरूण घ्यावं. उशाशी कोरडा सदरा आणि ओला पंचा ठेवावा. जाळ उठतोय असं वाटलं की उठून बसावं, पंचा मानेवर ठेवावा, सावकाश श्वास सोडावा. घाम थांबत नाही, पण भीती गेली की झोप लागते.

घरी आलो तर दारात बैलगाडी. एस्तेरचा धाकटा भाऊ तिला न्यायला आलेला. गाठोडी गाडीत, नातही गाडीत. मुलगा मान खाली घालून उभा. मी म्हणालो, क्षय नाही, फोटो स्वच्छ आहे.

एस्तेर हटली नाही. "मामंजी, मुतखड्यानं असा घाम येतो व्हय? माज्या भावाच्या येळंलाबी समदे न्हाईच म्हनत हुते."

तिचं काय चुकलं? माझ्याच खोट्यानं माझं खरं बुडवलं होतं. ही गाडी गेली तर नात परत दिसेल याचा भरवसा नव्हता. सगुणा बोलायला पुढं झाली, मी तिला अडवलं. सुनेसमोर हे मलाच बोलायचं होतं.

"एस्तेर, मुतखडा नव्हता. कॅन्सर हाय. डॉक्टरांनी मला बैलासारखं बडवलंय. हा घाम त्याचा."

कुणी हसलं नाही. मुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एस्तेर भावाला म्हणाली, बैल सोड, जेवून जा. मग माझ्याकडं वळली, चांगलीच तापलेली. "येवढं मोठं दुखनं, आन् आमाला मुतखडा सांगितला?" नात केव्हाच गाडीतून उतरून माझ्या धोतराला लोंबकळत होती. तिला कुणी ओढलं नाही. मी त्या दिवशी लाज सोडून रडलो.

अशी गोष्ट गावात लपते थोडीच? पारावर व्हायची ती थट्टा झाली. माझा घाम आजही चालू आहे आणि आजारही पुरता गेलाय असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण थट्टा करणाऱ्यांतलाच एक शेतकरी एकदा ओट्यावर येऊन बसला. ज्वारीचं बोलला, बैलांचं बोलला, उठायला लागला आणि परत बसला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "तुमची लगवी अडायची म्हंजी नेमकं कसं व्हायचं?"

मी त्याला आत बोलावलं, सगुणाला दार ओढून घ्यायला सांगितलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.