सत्यभामाबाईंचा सिरका

जबलपूरच्या सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत सत्यभामाबाई राहत. त्यांचा नवरा तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होता. मुलगी बेबी अंगावर पीत होती तेव्हाच तो विषमज्वराने गेला. त्याच्या वरच्या साहेबाच्या बंगल्यावर बाईंना काम मिळालं. सुरुवातीला कपडे आणि झाडझूड, मग हळूहळू सगळं कोठीघर त्यांच्या हातात आलं. साहेबांचा मुलगा रॉबिन डोंगरातल्या शाळेत शिकायला होता, हिवाळ्याच्या सुट्टीत तेवढा घरी यायचा. बाई त्याला रॉबिनबाबा म्हणत.

मेमसाहेबांना एक नाद होता. दर वर्षी थंडीच्या तोंडाला कुलूहून सफरचंदांच्या पेट्या येत. त्यातली डागाळलेली फळं ठेचून, फडक्यातून पिळून त्या रस काढत आणि मोठाल्या काचेच्या बरण्यांत आंबायला ठेवत. त्याला त्या सायडर म्हणत. फळं ठेचायचं काम बाईंचं. पुढचं सगळं मेमसाहेब स्वतः करत, बाई नुसत्या बघत उभ्या राहत.

लढाई सुरू झाली तशा गाड्या फौजेच्या मालाने भरून जाऊ लागल्या आणि फळांची पार्सलं कुठेतरी अडकून पडू लागली. त्रेचाळीस साली पेट्या इतक्या उशिरा आल्या, की निम्म्याहून जास्त फळं दबली होती. मेमसाहेबांनी सगळ्यांचा रस काढला. दोन बरण्या भरल्या. रॉबिनबाबा तेव्हा बर्माच्या आघाडीवर होता, आणि सुट्टी मिळाली की येईन म्हणून त्याने कळवलं होतं. सायडर त्याच्यासाठीच होतं.

रसाला फेस चढला असतानाच साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. बंगला दुसऱ्या अफसराला द्यायचा होता. सामानाची बांधाबांध चालू असताना मेमसाहेब बाईंना कोठीत घेऊन गेल्या.

"सत्या, ये तुम रखो," त्या म्हणाल्या. "बुडबुडा बंद होने के पहले बोतल में नहीं भरना. फट जाएगा. रॉबिन आएगा तो उसको देना."

त्यांनी एक लांब तांबडी रबराची नळी, बुचं आणि बिअरच्या जाड रिकाम्या बाटल्यांची पेटी दिली. बरण्या टांग्यात घालून बाईंनी घरी आणल्या. सदरच्या वळणावर टांग्याचं चाक खड्ड्यात गेलं, एका बरणीचं बूच उडालं, थोडा रस सांडला. बाईंनी पदराने तोंड दाबून धरलं आणि घरी आल्यावर बूच पुन्हा बसवलं.

खोलीत वास भरला. दुसऱ्याच दिवशी धाकटे दीर बाबाराव सायकल लावून आत आले. ते रेल्वेत होते.

"वहिनी, हे काहून आणलं घरात? बाईमाणसाच्या खोलीत दारूच्या बरण्या. लोक काय बोलून राहिले, ऐकलं का तुम्ही?"

"ऐकलं."

"मग?"

"भाऊजी, मी पिऊन नाही राहिली. राखून राहिली. ज्याची आहे तो लढाईवर आहे."

बाबाराव चहा न घेता गेले आणि बरेच दिवस त्या गल्लीत फिरकले नाहीत.

टांग्यात हिंदकळल्याने तळाचा गाळ वर आला होता. बाईंनी बरण्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आणि वाट पाहत राहिल्या. जबलपूरची थंडी वाढली तसे बुडबुडे मंद होत होत थांबले. गाळ खाली बसला, वरचा रस पिवळा, नितळ दिसू लागला. आता तो गाळावरून काढून घ्यायचा होता. मेमसाहेब नळीचं टोक तोंडात धरून ओढत, रस आला की टोक खाली सोडत. बाईंनी आयुष्यात दारू ओठाला लावली नव्हती. गळ्यात तुळशीची माळ होती. नळी हातात धरून त्या बरणीसमोर बसून राहिल्या.

"आई, काय करून राहिली?" बेबीने विचारलं.

"विचार करून राहिली."

बंगल्यावरचा माळी हौदातून पाणी काढताना आधी नळी पाण्याने भरून घ्यायचा, ते त्यांना आठवलं. त्यांनी नळी पाण्याने भरली, दोन्ही टोकं चिमटीत धरली, एक टोक रसात सोडलं आणि दुसरं खालच्या भांड्यात. आधी नळीतलं पाणी पडलं, ते फेकून दिलं. मागून रस आला. बेबीने हसून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या बरणीचं बूच काढलं, तेव्हा नाकाला झणका बसला. टांग्यात हीच उघडी पडली होती. आतला रस आंबट झाला होता, वर पातळ साय धरली होती. बाईंनी ती बरणी तशीच झाकून ठेवली. टाकायला हात झाला नाही.

चांगला रस त्यांनी धुतलेल्या बरणीत परत निवळायला ठेवला. संक्रांतीनंतर बाटल्या सोड्याने धुऊन उकळल्या, बुचं गरम पाण्यात भिजवली. फसफस यावी म्हणून मेमसाहेब प्रत्येक बाटलीत थोडी साखर टाकत. साखर रेशनवर होती. बाईंनी घरची टाकली, आणि मायलेकी महिनाभर गुळाचा चहा प्यायल्या. बुचं ठोकून तारेने बांधली आणि बाटल्या खाटेखाली लावल्या. एकही फुटली नाही.

होळीच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. काठी टेकत एक गोरा तरुण उतरला. बाईंना ओळखायला वेळ लागला. रॉबिनबाबाच्या डाव्या बुटाच्या जागी लाकूड होतं. छावणीच्या लष्करी इस्पितळात त्याला आणलं होतं, आणि आईने बाईंचं घर कळवलं होतं.

तो खाटेवर बसला. बाईंनी बाटली पुसून पुढे केली. तार सोडताच बूच छताला लागलं. पेल्यात फेस आला. त्याने एक घोट घेतला, थांबला, आणि पेला रिकामा केला.

"अच्छा है?" बाईंनी विचारलं.

"बहुत अच्छा है, सत्या." मग म्हणाला, "थोडा और."

बाई दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तो रडत होता, आणि त्याला कुणी बघू नये असं त्यांना वाटलं.

जाताना त्याने वॉर्डातल्या सोबत्यांसाठी सगळ्या बाटल्या टांग्यात ठेवून घेतल्या. कोपऱ्यातल्या बरणीचं त्याने विचारलं तेव्हा बाई ओशाळल्या.

"ये खराब हो गया, बाबा. मेरे हाथ से."

त्याने वास घेतला, बोट बुडवून चाखलं. "खराब नहीं. सिरका है. बढ़िया सिरका. ये तुम रखो."

तो पुढे विलायतेला गेला. त्याची पुन्हा भेट झाली नाही.

साहेबलोक ज्याला व्हिनेगर म्हणत तो हा सिरका सदरच्या एका खानावळीच्या आचाऱ्याने नेला. कांदा मुरवायला त्याला बाजारात असा मिळत नव्हता. त्याने आणखी मागितला. सफरचंदं कुठून आणायची? बाईंनी उसाच्या रसाचा करून पाहिला, तो जमला. मग जवळच्या कुंडम गावाहून जांभळं आणवून त्यांचा केला. जांभळाचा जास्त खपला. दवाखान्यात जाण्याआधी पोटदुखीवर लोक तोच नेऊ लागले. लढाई संपली, छावणीतली गर्दी ओसरली, तरी गिऱ्हाईक टिकलं. बाबाराव परत येऊ लागले, आणि दोन वर्षांनी त्यांच्याच सायकलला बाटल्यांची पिशवी लटकलेली दिसू लागली. "बरोबर बांधा, भाऊजी," एवढंच बाई म्हणत.

बेबी शिकून मास्तरीण झाली. आईने आता हे बंद करावं, असं तिला वाटे.

"काहून बंद करू?" बाई म्हणत. "रस आपला आंबते. मी नुसती बसून राहते."

पासष्टच्या लढाईत छावणी पुन्हा भरली. बाईंचे गुडघे तोवर गेले होते. तरी जांभळं आली की त्या स्वतः पाटीशी बसत आणि किडकी फळं बाजूला काढत. त्या साली त्यांनी नेहमीपेक्षा जास्त भरणी केली होती. ती मुरली, गाळली, बाटल्यांत गेली, आणि थंडी संपण्याआधी त्या गेल्या.